मयताची सही

सर जाऊन पाच महिने झाले होते, आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी साडेदहा वाजता त्यांनी मला एक पॅच पाठवला.

मी निमगाव सावाला घरीच, वरच्या खोलीत बसलो होतो. खिडकीखाली रानात बायका कांद्याची रोपं लावत होत्या आणि कुणाच्या तरी मोबाईलवर हिंदी मालिकेतलं सासू-सुनेचं भांडण चाललं होतं. ऊन स्वच्छ होतं. भ्यावं अशी ती वेळ नव्हती. स्क्रीनवर नेहमीसारखी मेल आली की तुमच्या पॅकेजची नवी आवृत्ती रांगेत आली आहे, सही अमुक यांची, मंजुरी द्यावी. ते अमुक म्हणजे सर. मी नाव दोनदा वाचलं, उठलो आणि खिडकी लावून घेतली. का लावली ते आजही मला सांगता येत नाही.

माझं काम गावात कुणाला धड माहीत नाही. आई पाहुण्यांना सांगते, "प्रिंटर दुरुस्त करतो," आणि मी दर वेळी चिडतो. खरं तर सांगायला सोपं आहे. कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एकच एक वस्तू नसते. हजारो लहान-लहान पॅकेजं जोडून ती तयार झालेली असते. त्यातल्या एखाद्या पॅकेजात कधीतरी भोक सापडतं, म्हणजे अशी चूक की जिच्यातून परक्या माणसाला आपल्या मशीनमध्ये शिरता येईल. ते भोक बुजवणारा तुकडा लिहायचा, त्यालाच पॅच म्हणतात, त्याच्यावर सही करायची आणि तो जगभरच्या मशीनांकडे पाठवून द्यायचा, हे माझं काम. सही शाईची नसते. ती एका गुप्त किल्लीनं होते. किल्ली ज्याच्याकडे, सही त्याची. आमचा नियम एवढाच की एकट्याच्या सहीवर काही पुढे जात नाही. एकानं सही करायची, दुसऱ्यानं ओळ न् ओळ वाचून मंजुरी द्यायची. चौदा वर्षं आमच्या पॅकेजचे हे दोघं म्हणजे घोडेगावचे सर आणि मी.

पॅकेज लहानच होतं. आपल्या लिपीतली अक्षरं जोडून पडद्यावर दाखवायची, काना-मात्रा जागेवर बसवायची, एवढंच ते करतं. पण दवाखान्यात, बँकेत, कचेरीत, जिथे म्हणून मराठी अक्षर उमटतं तिथे ते कुठेतरी आत असतं आणि कुणाला त्याचं नाव ठाऊक नसतं. सरांना याचा फार आनंद व्हायचा. ते घोडेगावात टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे, आणि दुपारी पोरं गेली की हे काम करत बसायचे. एक पैसा मिळत नसे. "आपलं नाव कुणाला माहीत नाही म्हणजे काम बरं चाललंय," असं म्हणायचे. मला ते पटत नसे, मला नाव हवं असायचं. त्यावरून आमची भांडणं व्हायची आणि दोन दिवस मी मेलला उत्तर देत नसे.

प्रत्यक्ष आम्ही एकदाच भेटलो, बेल्ह्याच्या बैलबाजारात. या कामात एकमेकांच्या किल्लीची खात्री करायची तर समोरासमोर भेटावं लागतं, ओळखपत्र बघावं लागतं. सरांच्या मेव्हण्याला बैल बघायचा होता, म्हणून ते त्याच्यासोबत टेंपोनं आले होते. चहाच्या टपरीशी उभं राहून आम्ही एकमेकांची मतदान कार्डं हातात घेऊन, फोटो आणि तोंड ताडून पाहत होतो. शेजारचा एक व्यापारी बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काय राव, बैल कुठंय अन् कार्डावर कसला सौदा करताय?" पलीकडे दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत होती. सर म्हणाले, "बघ, त्यांचंही तेच चाललंय. दोघांनाच कळलं पाहिजे, बाकीच्यांनी बघितलं तरी हरकत नाही."

मग किल्लीची खूण लिहून द्यायची वेळ आली. प्रत्येक किल्लीला चाळीस अक्षरांची एक खूण असते. कागद दोघांकडेही नव्हता. सरांनी टपरीच्या खांबावरून कुस्त्यांच्या आखाड्याचं एक जाहिरातपत्रक काढलं आणि मधोमध उभं फाडलं. एका अर्ध्याच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी आपली खूण लिहिली, दुसऱ्यावर मी माझी, आणि आम्ही अदलाबदल केली. माझ्या वाट्याचा अर्धा तेव्हापासून माझ्या पाकिटात आहे. निघताना सर म्हणाले, "घरी ये एकदा. काकूला तुझा आवाज पाठ झालाय, तोंड दाखव." मी येतो म्हणालो.

गेलो नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही. घोडेगाव काही लांब नव्हतं. नारायणगाव, मंचर, की आलंच. पण रोज बोलणं व्हायचं, मेल व्हायची, स्पीकरवर काकू मागून "जेवलास का रं" विचारायच्या, आणि मला वाटायचं की जाणं-येणं आहेच. आषाढात सर झोपेतच गेले. मला कळलं तेव्हा मी दुसऱ्या एका पॅकेजातलं भोक बुजवत होतो. ग्रुपवर चार ओळींचा शोकसंदेश टाकला. दहाव्याला जाईन असं ठरवलं आणि त्या दिवशीही मशीनपुढे बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला काकूंना तोंड दाखवायची भीती वाटत होती, आणि जितके दिवस गेले तितकी ती वाढली.

त्यातच मी ती चूक केली. माणूस गेला की त्याची किल्ली बाद करा असं आमच्या टीमला कळवायचं असतं. मीच कळवायला हवं होतं. आमच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे. जमीन आम्ही कसतो, कांदा आम्ही काढतो, आणि मालक म्हणून तिथे त्यांचं नाव बसलेलं आहे. वडील म्हणायचे, नाव काढायचं म्हणजे माणूस परत एकदा पोचवून आल्यासारखं वाटतं. आमच्याकडे घरोघर हेच, आणि त्यानं कुणाचं काही अडत नाही. मीही तसंच केलं. पॅकेजच्या पानावर माझ्या नावाच्या वर सरांचं नाव राहू दिलं. त्यांची किल्ली तशीच चालू राहिली, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या सकाळी मी आलेला पॅच उघडला. आदल्याच दिवशी आमच्या पॅकेजात एक भोक जाहीर झालं होतं, आणि हा पॅच नेमका ते बुजवत होता. लिहिण्याची ढब सरांची होती. दोन ओळींमध्ये ते सोडायचे तशी रिकामी ओळ सोडलेली, आणि खाली, ते नेहमी टाकायचे तो एक शब्द: झालं. मी लगेच वाईट असं काही मनात आणलं नाही, हे कबूल करतो. क्षणभर मला बरं वाटलं. माझं बोट मंजुरीच्या बटणावर होतं, आणि मला वाटत होतं की दाबावं, सरांचंच आहे.

मग मी वाचायला घेतलं, कारण न वाचता दाबलं तर सर ओरडायचे. भोक बुजवलेलं होतं. पण त्याच्या आठ ओळी खाली मोजणीची एक अट सैल केलेली होती, इतकी साधी की हात घसरला असं कुणीही म्हणेल. त्या सैल जागेतून वाकडी अक्षरं असलेली एखादी फाइल पाठवून कुणाच्याही मशीनमध्ये शिरता आलं असतं. आणि टेस्ट नव्हती. सर आधी टेस्ट लिहायचे, मग पॅच. भोक बुजलं का हे तपासणारी फाइल जोडल्याशिवाय त्यांनी कधीही काही पाठवलं नाही. म्हणजे कुणीतरी सरांसारखं लिहायला शिकलं होतं, त्यांची किल्ली त्याच्या हातात होती, आणि सरांचं नाव दिसलं की मी वाचणार नाही हेही त्याला ठाऊक होतं. मी खुर्चीवरून उठून जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. रानातल्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं, ते मला नकोसं झालं.

मी पॅच अडवला आणि टीमला कळवलं. टीमची प्रमुख दूरदेशी असते. तिला मी फक्त अक्षरांतून ओळखतो. तिनं माझ्यावर आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. तिनं एकच विचारलं की किल्ली कधीपासून परक्याच्या हातात आहे. हे संध्याकाळपर्यंत खात्रीनं सांगता आलं तर त्या तारखेनंतरचं तेवढं संशयित धरू. नाही सांगता आलं, तर या सहीनं चौदा वर्षांत आलेलं सगळं काढून बाजूला ठेवावं लागेल आणि त्या नावापुढे इशारा लिहावा लागेल. म्हणजे ज्या माणसानं फुकट, नावाशिवाय, चौदा वर्षं अक्षरं सांभाळली, त्याच्या नावाला आता चोराचा शिक्का लागणार होता. कारण मी एक मेल पाठवली नाही. मी गाडी काढली.

घोडेगावात सरांचं घर शोधायला वेळ लागला नाही. क्लासची पाटी अजून तशीच होती. दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत माणूस नव्हतं. बिबट्यामुळे आमच्याकडच्या बहुतेक घरांना पुढे लोखंडी जाळी असते, तशी इथेही होती, आणि तिला आतून कुलूप होतं. मी हाक मारली. आतून साठीच्या बाई आल्या. हातात लसणाची पाकळी होती.

"कोण पावणं?"

"काकू, मी निमगावचा." मी माझं नाव सांगितलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. राग नव्हता, ओळखही नव्हती. "ते तर दिवाळीत येऊन गेले की," त्या म्हणाल्या.

मी जाळीला हात लावला होता तो काढून घेतला. "कोण आलं होतं?"

"निमगावचा. त्यांच्यासंगं काम करायचा तो. तुमी कोण?"

मला पुढचे काही क्षण नीट आठवत नाहीत. मी पुन्हा नाव सांगितलं. सरांचं काम, त्यांचा क्लास, बेल्ह्याचा बाजार, मेव्हण्याचा बैल, जे आठवेल ते बोलत सुटलो. काकू मान हलवत होत्या. "ह्ये समदं त्यानं बी सांगितलं," त्या म्हणाल्या. आणि खरंच होतं ते. यातलं बरंचसं सरांनी आपल्या कामाच्या नोंदींत लिहून ठेवलेलं होतं, कुणालाही वाचता येईल असं. मला रागच आला, काकूंचा नव्हे, माझाच. मीच मी आहे हे सांगायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं.

"तुमचा आवाज तसाच हाय," काकू म्हणाल्या, जरा मागे सरकत. "पण म्या त्यालाच इचारते. थांबा."

त्यांनी कमरेचा मोबाईल काढून नंबर लावला. पडद्यावर माझं नाव होतं. मी माझा फोन हातात धरून उभा होतो आणि तो वाजत नव्हता. तिकडे कुठेतरी रिंग जात होती. कुणी उचललं नाही. "कामात आसंल," काकू म्हणाल्या. "दर रविवारी फोन करतो. जेवले का इचारतो, मशीन चालू हाय ना इचारतो. लई जीव लावतो पोरगा."

तेव्हा मला पत्रक आठवलं. मी पाकिटातून तो घडी पडलेला अर्धा कागद काढून जाळीतून आत दिला आणि म्हणालो की याचा दुसरा तुकडा सरांनी कुठेतरी ठेवला असेल, मागे माझं अक्षर आहे. काकूंनी कागद उलटून पाहिला. सरांचं अक्षर ओळखून त्यांचा चेहरा हलला. त्या आत गेल्या. पत्र्याचा डबा उघडल्याचा, कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. सातबाऱ्याचे उतारे, रेशनकार्ड, क्लासच्या पावत्या, सगळं त्यांनी एकेक काढलं असावं, कारण फार वेळ लागला. मी ओट्यावर उभा होतो आणि मला खरंच वाटत होतं की आतून माझ्याचसारखा कुणीतरी बाहेर येईल.

काकू आल्या आणि जाळीच्या आत उंबऱ्याशी खाली बसल्या. फरशीवर दोन्ही तुकडे ठेवून त्यांनी एकमेकांना भिडवले. वरच्या बाजूला फाटताना कागद जरा तिरका गेला होता. तो तिरकेपणा बरोबर बसला. त्यांनी बोट ठेवून वाचलं: "सालाबादप्रमाणे यंदाही... यात्रेनिमित्त. कुस्त्यांचा भव्य... आखाडा." शेवटपर्यंत वाचलं. मग वर बघितलं. "त्यानं कागद मागितला न्हाई," त्या म्हणाल्या, आणि कुलूप काढायला उठल्या.

त्यानंतर त्यांनी सांगितलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. पेढे घेऊन आला होता. गळ्याला मफलर होता. घसा बसलाय म्हणून फार बोलला नाही. जेवला. सरांच्या फोटोला नमस्कार केला. आठवण म्हणून सरांच्या फाइली घेतो म्हणाला आणि त्यांच्या खुर्चीत तासभर बसला. जाताना काकूंच्या मोबाईलवर आपला नंबर नीट घालून दिला. नंतर फोनवर त्याचा घसा बरा झाला, आणि आवाज अगदी स्पीकरवर ऐकायच्या तसा, माझाच होता. माझी दोन-तीन भाषणं इंटरनेटवर आहेत. आवाज उचलून हुबेहूब काढायला कॉम्प्युटरला तेवढं पुरतं. मला वाटलं होतं ती कुणी ऐकत नाही.

"अन् मशीन?"

"ते म्हणायचे, ह्ये बंद करू नको, सही उघडी हाय. म्या न्हाई केलं. लाईट गेली तर इन्व्हर्टर हाय." काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं. सरांची खुर्ची, तिच्यावर धुतलेला टॉवेल, शेजारी एक स्टूल आणि खाली लसणाची परात. पडद्यावर उजेड होता. सर किल्लीचा परवलीचा शब्द सारखा विसरायचे, म्हणून त्यांनी ती उघडीच ठेवायची सोय करून घेतली होती. मशीन बंद होईपर्यंत ती मिटत नव्हती. दुसऱ्याला कुणाला हे केलेलं त्यांनी खपवून घेतलं नसतं.

मी मशीनच्या नोंदी बघायला घेतल्या. त्या तासाभरात त्यानं वाट करून ठेवली होती; भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून बाहेरून, इंटरनेटवरून कुणीतरी मशीनमध्ये येत होतं. आधीचं काही नव्हतं. नोंदी पुसता येतात, पण काकूंची भाऊबीज पुसता येत नव्हती, आणि दोन्ही एकमेकींशी जुळत होत्या. मी मोबाईलवर फोटो घेत होतो. हात माउसपासून लांब होता. तेवढ्यात पडद्यावरचा बाण हलला.

तो सावकाश वर गेला, थांबला, एक पान उघडलं. आमच्या रांगेचं पान होतं ते. माझी मंजुरी आली का, ते कुणीतरी बघत होतं. काकू स्टुलावर टेकल्या होत्या; त्यांनी परात जवळ ओढली आणि शांतपणे म्हणाल्या, "दुपारचं असंच हलतं. म्या हितंच बसते मग. म्हटलं, ते हायेत. काम करत्यात."

मला त्यांना तोंड फोडून सांगता येईना. पण त्या खुळ्या नव्हत्या. कागद जुळल्यापासून त्यांना कळलं होतं, फक्त कुणीतरी ते म्हणायचं राहिलं होतं. त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं, "त्यो हाय का ह्यो?" मी हो म्हणालो. त्यांनी लसूण सोलायचं थांबवलं. किती दुपारी त्या त्या बाणाशेजारी बसल्या असतील, हे मी मोजायला गेलो नाही.

"बंद करावं लागेल, काकू."

"कर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थांब, म्याच करते." त्यांनी भिंतीवरचं बटण शोधलं, इन्व्हर्टरची वायर काढली. मशीनचा पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. पाच महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदाच काही वाजत नव्हतं. काकूंनी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

मोबाईल वाजला. पडद्यावर माझं नाव. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन उचलून स्पीकर लावला.

"काकू, जेवलात का?" माझा आवाज म्हणाला. मी आईला विचारतो तसाच, शेवटचं अक्षर जरा ओढून. "मशीन बंद झालं का हो? लाईट गेली?"

"लाईट हाय. बंद केलं."

"का?"

"निमगावचा आलाय."

माझा आवाज काळजीनं म्हणाला, "काकू, निमगावचा मी. तुमच्याजवळ बसलाय तो कोण आहे? त्याला आधी बाहेर काढा, आणि मशीन चालू करा."

मी संतापानं फोनकडे हात टाकला. काकूंनी तो बाजूला सारला आणि एक भयंकर गोष्ट केली: माझ्या तोंडाकडे नीट, परक्यासारखं पाहिलं. बोललो असतो तर तोच आवाज निघाला असता. मग त्यांनी ओटीतले दोन्ही तुकडे बाहेर काढले, माझा अर्धा डोळ्यांसमोर धरला आणि फोनवर विचारलं, "कुस्त्यांचा भव्य... फुडं काय?"

"काय, काकू?"

"फुडं काय लिव्हलंय?"

फोन बंद झाला. तो नंबर नंतर कधीच लागला नाही.

मी तारीख आणि फोटो टीमला पाठवले. संध्याकाळ व्हायच्या आत उत्तर आलं की सरांची किल्ली बाद झाली, पण त्या तारखेआधीचं सगळं तसंच राहील, नावासकट. मी ते काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हंजी त्यांनी केलेलं राहिलं?" राहिलं म्हणालो. तेव्हा पहिल्यांदा त्या रडल्या, आणि मीही रडलो, पाच महिने उशिरा. घरी येऊन मी तो पॅच पुन्हा लिहिला, टेस्ट आधी लिहिली. खाली "झालं" लिहायला हात गेला होता तो आवरला. तो शब्द आता आमचा राहिला नाही.

पुढच्या रविवारी मी फोन केला. "कोण?" मी नाव सांगितलं. "ते कुणी बी सांगतंय," काकू म्हणाल्या. "तुझ्या अर्ध्यातलं वाच." आम्ही तुकडे पुन्हा आपापल्याकडे ठेवले आहेत. मी वाचलं, "कुस्त्यांचा भव्य." त्या म्हणाल्या, "ही झाली, त्यानं ऐकली. दुसरी." मी म्हणालो, "सर्व पैलवानांनी." त्यांनी आपल्या अर्ध्यातून पुरं केलं, "वेळेवर हजर राहावे," आणि मग विचारलं, "जेवलास का?"

तेव्हापासून हे असंच चालतं. एका रविवारी एक ओळ, आणि वापरलेली ओळ पुन्हा नाही. हा नियम मी त्यांना शिकवलेला नाही, त्यांचा त्यांनी केला. त्या बोलायला लागल्या की कधी कधी मध्येच थांबतात आणि माझा श्वास ऐकत राहतात. मीही माझंच बोलणं ऐकत राहतो. मागच्या रविवारी मी "पंचांचा निर्णय" म्हणालो आणि त्या "अंतिम राहील" म्हणाल्या. मी पत्रक बघून सांगितलं की आता दोनच ओळी उरल्या, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.

"न्हाई," काकू म्हणाल्या. "वळी संपल्या की तू ये. जाळीपाशी हुबा राहा, कागद दे. मंग बघू."

"येतो, काकू."

"त्यो बी येतो म्हणायचा," त्या म्हणाल्या. "पण त्यो दिवाळीत आला व्हता."